आद्य शिक्षिका सावित्रीबाई फुले : शिक्षकी पेशाची पूर्वतयारी

समाजाच्या स्मरणिकेत थोर स्त्री-पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात जुना आहे, आणि सावित्रीबाई फुले यांचे चरित्र तर आपल्या बहुतेक सभासद कुटुंबांना तोंडपाठ आहे, असे म्हटले तरी चालेल. ३ जानेवारीला यवतमाळ, दारव्हा, पुसद, उमरखेड, वणी अशा गावोगावी त्यांची जयंती साजरी होते. नऊवारी लुगडे नेसलेल्या शाळकरी मुली भाषणे करतात, आणि अंगावर शेण झेलीत शाळेला जाणाऱ्या सावित्रीबाईंची हकीकत ऐकून श्रोत्यांचे डोळे ओलावतात. ही हकीकत सांगितलीच पाहिजे. परंतु तेवढीच सांगून थांबल्यास त्या चरित्राचा एक मोठा भाग झाकला जातो, असे आम्हांस वाटते. शिक्षिका होण्यासाठी सावित्रीबाईंनी आधी स्वतः शिक्षण घेतले, त्यावर शिकविण्याची विद्या स्वतंत्रपणे आत्मसात केली, आणि त्या तयारीच्या बळावर शाळा चालविल्या. हा भाग बहुधा एका वाक्यात उरकला जातो. आज आपल्या घरांतील कित्येक मुलेमुली अध्यापक होण्याच्या वाटेवर आहेत. त्यांच्यासाठी हाच भाग जरा सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील हे गावचे पाटील. आईचे नाव लक्ष्मीबाई. घर खाऊनपिऊन सुखी होते, परंतु मुलीने अक्षर गिरवावे ही कल्पना त्या काळी पाटलाच्या घरातही शिरलेली नव्हती. स्त्री शिकली तर घरावर अरिष्ट येते, तिच्या नवऱ्याचे आयुष्य सरते, असे समज उच्चवर्णीयांत होते तसेच शेतकरी कुटुंबांतही होते. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, सावित्रीबाईंचा विवाह पुण्याच्या गोविंदराव फुल्यांचे चिरंजीव ज्योतिराव यांच्याशी झाला. ज्योतिरावांचे वय त्या वेळी तेरा वर्षांचे होते. सासरी आलेल्या या मुलीस तोवर लिहिणे-वाचणे येत नव्हते.

ज्योतिरावांचे शिक्षण मध्यंतरी खंडित झाले होते. गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली ते पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. आपण जे शिकतो ते घरात पोचविल्याखेरीज त्याचे चीज नाही, ही जाणीव त्यांना लवकर झाली. त्यांनी आपली पत्नी व ज्यांनी त्यांना लहानपणी सांभाळले त्या मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर, या दोघींना घरीच शिकविण्यास प्रारंभ केला. दिवसा शेतमळ्याचे व घरचे काम, आणि उरल्या वेळात अक्षरओळख, असा तो क्रम होता. पुढे सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर या ज्योतिरावांच्या स्नेह्यांनी सावित्रीबाईंच्या पुढील अभ्यासाची जबाबदारी पत्करली. सावित्रीबाईंना अक्षरओळख जाणत्या वयात झाली, याला आम्ही महत्त्व देतो. ज्याला अक्षर कळत नव्हते व जे कळण्यासाठी झटावे लागले त्याची आठवण ज्याच्या मनात ताजी असते, त्याला नवशिक्या मुलाची अडचण लवकर उमजते.

परंतु केवळ लिहिता-वाचता येणे म्हणजे शिकविता येणे नव्हे, हे फुले दांपत्याने ओळखले होते, आणि येथेच या चरित्राचे वेगळेपण आहे. त्या काळची गावठी शाळा आजच्या वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळात पंतोजी बसत. मुले धूळपाटीवर अक्षरे काढीत, पाढे-पावक्या घोकीत, आणि चुकल्यास छडी खात. पंतोजींना हिशेब व मोडी येत असे. पण मुलाला पायरीपायरीने कसे शिकवावे, मंद मुलाला कसे सांभाळावे, वर्गाची रचना कशी करावी, याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नसे. शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेला त्या वेळी नॉर्मल स्कूल म्हणत. मुंबईत १८४५ च्या सुमारास बाळशास्त्री जांभेकर यांच्या देखरेखीखाली असा वर्ग सुरू झाला होता, तोही पुरुषांपुरता. सरकारी खात्यात स्त्रियांना अध्यापनाचे शिक्षण देण्याची सोय नव्हती. ती सोय मिशनरी बायांनी आपल्या शाळांतून केली होती.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार या मुलींच्या शाळा चालवीत. त्या १८२७ साली मुंबईत आल्या, पुढे १८३९ पासून नगरला राहिल्या आणि १८६२ साली तेथेच निवर्तल्या. त्यांची शाळा पाहून ज्योतिराव भारावून गेले होते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते या फरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्यास स्कॉटिश मिशनच्या मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये. ज्या शेतकरी घरातील मुलीच्या हाती काही वर्षांपूर्वी पाटीही नव्हती, तिला असे शिक्षण मिळाले, की जे त्या वेळच्या बहुसंख्य पंतोजींनाही मिळालेले नव्हते. मिशनरी बायांकडे जाणे म्हणजे धर्म बुडविणे, असा लोकसमज असताना एका तरुण सुनेने ही वाट धरावी, यास केवढे धैर्य लागले असेल, याची कल्पना आपल्या माताभगिनींना सहज येईल. विद्या कोणाकडून घ्यावी याविषयी फुले दांपत्याने भेद मानला नाही. मात्र मिळविलेली विद्या आपल्या समाजासाठी व आपल्या पद्धतीने वापरली.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात ज्योतिरावांनी मुलींची शाळा काढली. शिक्षिका होत्या अवघ्या सतरा वर्षांच्या सावित्रीबाई. एतद्देशीयांनी आपल्या बळावर मुलींसाठी काढलेल्या आरंभीच्या शाळांत हिचे स्थान अग्रभागी आहे. मुली थोड्याच होत्या, पण वादळ मोठे उठले. सावित्रीबाई रस्त्याने जाऊ लागल्या, की लोक शिव्या देत, चिखल व शेण फेकीत. त्या एक जास्तीचे लुगडे जवळ बाळगीत आणि शाळेत पोचल्यावर ते नेसून वर्गावर उभ्या राहत. लोकापवादास भिऊन गोविंदरावांनी १८४९ मध्ये मुलाला व सुनेला घराबाहेर पडण्यास सांगितले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. त्याच घरातील फातिमा शेख पुढे शाळेच्या कामात सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणात माहेराहून ज्योतिरावांस लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी, आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा विश्वास व्यक्त केला आहे.

बदललेले लुगडे सर्वांना आठवते. ते बदलल्यावर पुढे वर्गात काय होत असे, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. त्याची साक्ष त्या शाळांच्या वाढीतच मिळते. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. पहिल्या दिवशी ८ मुली होत्या. ती संख्या वाढत जाऊन ४८ वर गेली. सावित्रीबाई येथे मुख्याध्यापिका होत्या व वेतन न घेता काम करीत. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत आणखी दोन शाळा निघाल्या. वाचन, लेखन, गणित, व्याकरण, भूगोल, इतिहास हे विषय रीतसर शिकविले जात. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी या शाळांतील २३७ मुलींची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा ती पाहण्यास पुणेकरांची मोठी गर्दी लोटली होती. १८५२ च्या मे महिन्यात पुण्यातील एका इंग्रजी पत्राने, या शाळांतील मुलींची शिकवण सरकारी शाळांतील मुलांपेक्षा सरस आहे, असा अभिप्राय छापला. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने ज्योतिरावांचा सत्कार केला. निंदकांची तोंडे वादविवादाने बंद झाली नसती. मुलींनी भर सभेत दिलेल्या उत्तरांनी ती पुष्कळ अंशी बंद झाली. मुली टिकल्या, वाढल्या आणि परीक्षेत उतरल्या, त्याअर्थी त्यांना शिकविणारी बाई आपल्या कामात तरबेज होती, हे उघड आहे.

याहून मोठा पुरावा मुक्ता साळवे हिचा होय. मांग समाजातील ही मुलगी फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकली आणि १८५५ साली तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ज्ञानोदय पत्रात प्रसिद्ध झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी ती मुलगी शास्त्रीपंडितांना रोखठोक प्रश्न विचारते, हे वाचून आजही विस्मय वाटतो. केवळ घोकंपट्टी करून घेणाऱ्या शाळेतून असा निबंध निघत नाही. विद्यार्थ्याला स्वतःचे म्हणणे सापडावे आणि ते मांडण्याची हिंमत यावी, हे ज्या शाळेत घडले तेथील अध्यापन कोणत्या प्रतीचे असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

१८५४ साली सावित्रीबाईंचा काव्यफुले हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील कित्येक कविता विद्येचे महत्त्व सांगणाऱ्या आहेत. १८५५ मध्ये शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू झाली. पुढे शाळांचा कारभार इतरांकडे गेला, तरी या दांपत्याचे कार्य थांबले नाही. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि फसलेल्या विधवांच्या बाळंतपणाची जबाबदारी सावित्रीबाईंनी आईच्या मायेने उचलली. १८७४ मध्ये अशाच एका विधवेच्या, काशीबाईच्या, मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तेच डॉक्टर यशवंतराव. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, आणि १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांसाठी अन्नछत्रे चालविण्यात सावित्रीबाईंनी अहोरात्र श्रम घेतले.

सुमारे चौतीस वर्षांच्या या अनुभवाचे सार १८८२ साली एका सरकारी कागदात उतरले. त्या वर्षी हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करणारे मंडळ नेमले गेले, आणि १९ ऑक्टोबर १८८२ रोजी ज्योतिरावांनी त्यापुढे आपले निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा याचाही स्पष्ट विचार आहे. आणि त्यामागे सावित्रीबाईंच्या वर्गातील अनुभव नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल. शिक्षक शक्य तोवर अध्यापनाचे शिक्षण घेतलेला असावा. शिक्षण न घेतलेल्या शिक्षकाच्या जागी, तो खरोखरच निष्णात असल्याखेरीज, शिक्षित माणूस नेमावा. शिक्षक शेतकरी वर्गातून निवडावा, म्हणजे तो मुलांमध्ये मिसळेल व त्यांच्या गरजा ओळखील. प्रसंगी नांगराची मूठ अथवा सुताराचा वाकस हाती धरण्यास तो लाजणारा नसावा. त्याच्या अभ्यासक्रमात नेहमीच्या विषयांबरोबर शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. आणि त्याचे वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे, मोठ्या गावी ते १५ ते २० रुपये असावे. पात्रता, प्रशिक्षण आणि पोटापुरते वेतन या तिन्हींची सांगड घातल्याखेरीज चांगला शिक्षक मिळणार नाही, हा त्यांचा आशय होता.

ज्योतिरावांनी हे निवेदन दिले तेव्हा आपला जिल्हा मुंबई इलाख्याबाहेर, वऱ्हाडात होता. त्याचे नाव ऊन जिल्हा असे होते. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. तथापि ते निवेदन जणू आपल्यासाठीच लिहिले असावे, असे वाटते. कापसाच्या या मुलखात शाळेत येणारे मूल वेचणीच्या दिवसांत घरी राहते, त्याची कारणे शिक्षकाला ठाऊक पाहिजेत. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांत कोलामी व गोंडी, आणि पुसद, दिग्रस, महागावकडील तांड्यांत गोरमाटी ही मुलांची घरची बोली असते. त्या मुलाला मराठी पुस्तकापर्यंत आणताना हात धरणारा शिक्षक लागतो. नापिकी व कर्ज यांनी ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घरातले मूलही वर्गात येऊन बसते. अशा वेळी शिकविण्याच्या तंत्राबरोबर माणुसकीचीही कसोटी लागते.

ज्योतिराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी निवर्तले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून वाद उभा राहिला, तेव्हा ते सावित्रीबाईंनी स्वतः हाती घेतले. १८९३ मध्ये सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. डॉक्टर यशवंतरावांनी हडपसरनजीक ससाण्यांच्या माळावर रुग्णालय उघडले, आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोग्यांच्या शुश्रूषेस धावल्या. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन रुग्णालयात पोचविले. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र रोगाने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. २०१४ साली पुणे विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले, आणि २०२३ मध्ये न्यायालयीन वाद संपून भिडेवाड्याची जागा त्यांच्या शाळेच्या स्मारकासाठी मोकळी झाली.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत सातवीची फायनल उतरलेल्यास मास्तरकी मिळे आणि ट्रेनिंग मागाहून होई. आता पात्रतेच्या पायऱ्या कायद्याने ठरलेल्या आहेत. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्याच वर्षी किमान पात्रता जाहीर केली. पहिली ते पाचवीसाठी बारावी उत्तीर्ण होऊन प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका, म्हणजे डी.एल.एड., घ्यावी लागते. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड. लागते. या दोन्ही गटांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, जी महाराष्ट्रात २०१३ पासून घेतली जाते, उत्तीर्ण व्हावी लागते. त्यापुढील इयत्तांसाठी विषयातील पदवी वा पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. पाहिजे. बी.एड. असल्यावर प्राथमिकचे काम आपोआप मिळेल, अशी समजूत कोणी बाळगू नये. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी पदविकाच ग्राह्य धरली आहे. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने, ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरली होती अशा सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले. नियम बदलत असतात. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत जाहिरात स्वतः वाचावी.

सेवेत मुरलेल्या शिक्षकास पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा परीक्षेस बसणे जड वाटणे स्वाभाविक आहे, आणि पदविका हाती असून वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणाऱ्या तरुणांची निराशाही आम्ही जाणतो. २०१० नंतरच्या दशकात भरती रोडावली आणि राज्यातील अनेक अध्यापक विद्यालये बंद पडली. या निराशेचा फायदा घेऊन, संस्थेत जागा मिळवून देतो असे सांगून पैसे मागणारे लोक भेटतात, आणि कोणी भाबडा बाप वावर विकून ते देतोही. आमची सभासद कुटुंबांस हात जोडून विनंती आहे, की वावर विकून नोकरी घेऊ नका. तो पैसा मुलीच्या अभ्यासावर, पुस्तकांवर, यवतमाळ-अमरावतीस राहण्याच्या सोयीवर खर्च करा. पैसे देऊन मिळविलेल्या जागेवर जो बसतो, त्याच्या वर्गातील चाळीस मुलांचे नुकसान कोणत्याही रकमेने भरून निघत नाही. आणि ती मुले बहुधा आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची असतात.

आपल्या समाजात सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिकांची संख्या थोडी नाही. त्यांनी आपापल्या तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस पात्रता परीक्षेस बसणाऱ्या मुलामुलींना मार्गदर्शन करावे. जातीपातीचा विचार न करता जो येईल त्यास सोबत बसवावे, कारण सावित्रीबाईंच्या वर्गाचे दार सर्वांना उघडे होते. ज्या घरी सून शिकू इच्छिते, त्या घरी सासूसासऱ्यांनी तिच्या अभ्यासाची वेळ राखून ठेवावी. पुढील ३ जानेवारीस व्यासपीठावरून शेणाची हकीकत सांगणाऱ्या मुलीने, सावित्रीबाई नगरास व पुण्यास कोणाकडे काय शिकण्यास गेल्या होत्या, हेही दोन वाक्यांत अवश्य सांगावे. ऐकणाऱ्यांपैकी एखादीच्या मनात ते राहील, आणि काही वर्षांनी आपल्या जिल्ह्यातील एखाद्या पोडावर वा तांड्यावर ती पूर्ण तयारीनिशी वर्गात पाऊल टाकील, अशी उमेद बाळगून आम्ही हे चरित्र सभासद कुटुंबांच्या हाती देत आहोत.